मीठ वाळू देऊ नका

(बडोद्यातल्या हौशी डायव्हर मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बडोद्याला समुद्र नाही, पण बडोदे संस्थानाला होता. ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं, म्हणजे द्वारकेचा किनारा आपलाच. पुढे त्याच किनाऱ्यालगत पाण्याखालचे अवशेष शोधणारे पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनीही सुरुवातीच्या काळात बडोदे संस्थानाच्या पुरातत्त्व खात्यात काम केलं होतं. तेव्हा पाण्याखालच्या गोष्टी बोलायला हे गाव परकं नाही.

आपली अडचण आहे ती अंतराची. मालवण असो, गोवा असो की द्वारका, शेवटची डाइव्ह सकाळी होते, ओलं सामान बॅगेत कोंबलं जातं, बॅग डिकीत जाते आणि गाडी रात्रभर धावते. घरी पोचल्यावर अंग मोडून आलेलं असतं, म्हणून बॅग उघडायची ती दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत सामान वाळलेलं असतं. माझं आजचं सगळं बोलणं या मधल्या तासांबद्दल आहे, कारण खरं नुकसान तेव्हाच होतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, तेही नेमके आपला हात पोचत नाही अशा जागी: जॅकेटमध्ये हवा भरायच्या इन्फ्लेटरच्या बटणामागे, रेग्युलेटरच्या (सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणाऱ्या साधनाच्या) सेकंड स्टेजमध्ये, म्हणजे तोंडात धरायच्या भागात, आतल्या दांडीपाशी, सूटच्या चेनच्या दातांत. वाळलेल्या मिठाचे कण टणक आणि धारदार कोनांचे असतात. पुढच्या वेळी बटण दाबलं की ते कण ओ-रिंगवर, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कडीवर, घासले जातात. शिवाय हे मीठ नुसतं पडून राहत नाही. खड्याच्या मिठाला जुलैत पाणी सुटतं, ते तुम्ही घरोघरी पाहिलंय. मिठासोबतचे मॅग्नेशियमचे क्षार हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून तसं होतं. समुद्राचं मीठ पोटात घेऊन कपाटात ठेवलेल्या रेग्युलेटरचंही तेच होतं. पावसाळाभर तो आतून ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो आणि मीठ क्रोमच्या मुलाम्याखालचं पितळ खात राहतं. रेग्युलेटरला कुणी हातही लावलेला नसतो.

म्हणून पहिली गोष्ट: सामान किनाऱ्यावरच गोड्या पाण्यातून काढा. डाइव्ह सेंटरवर टाकी असते, पण संध्याकाळपर्यंत त्यात सगळ्यांचे बूट, सूट बुडून निघालेले असतात आणि ते पाणी स्वतःच खारट झालेलं असतं. लोक सूटमध्ये लघवी करतात, हेही उघडच बोलायला हवं. त्या टाकीत बुडवलं म्हणजे धुतलं असं मानू नका. हॉटेलच्या बाथरूममध्ये बादली भरा आणि पुन्हा विसळा. तेवढीही सवड नसेल तर निदान रेग्युलेटर ओल्या टॉवेलात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. घरी येईपर्यंत तो ओला राहिला पाहिजे. ओलं मीठ सहज निघतं. वाळलेल्याला तासभर भिजवावं लागतं, आणि त्यातले कॅल्शियमचे क्षार तर भिजवूनही चिकटून राहतात.

आता रेग्युलेटर. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण श्वास त्यावर चालतो. फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरला जोडायचा भाग, सिलिंडरमधली 200 बारची हवा आजूबाजूच्या दाबापेक्षा फक्त नऊ-दहा बार जास्त, इतक्यावर आणून नळीत सोडते. तिच्या तोंडाशी एक बारीक जाळीदार फिल्टर असतो. आज घरी गेल्यावर टॉर्च लावून तो बघा. स्वच्छ धातूसारखा चमकत असेल तर छान. त्यावर हिरवट झाक असेल तर खारं पाणी आत शिरलंय. तांबूस दिसत असेल तर कुठल्यातरी गंजलेल्या स्टीलच्या सिलिंडरमधून गंज आलाय. दोन्ही वेळा रेग्युलेटर थेट सर्व्हिसला द्यायचा.

पाणी आत शिरतं कसं? बहुतेक वेळा डस्ट कॅपमुळे, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या तोंडावरच्या झाकणामुळे. सिलिंडरवरून रेग्युलेटर काढल्याबरोबर कॅप कोरड्या फडक्याने पुसा आणि घट्ट बसवा. तिच्या आत अडकलेला एक थेंबही फिल्टरपर्यंत जातो. दुसरी वाट आहे पर्ज बटणाची, म्हणजे सेकंड स्टेजवरच्या हवा सोडायच्या बटणाची. रेग्युलेटर हवेशी जोडलेला नसताना पाण्यात धरून पर्ज दाबलं की सेकंड स्टेजची झडप उघडते आणि पाणी नळीतून उलटं चढून फर्स्ट स्टेजमध्ये जातं. मुलं मदतीला आली की हे बटण हमखास दाबतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. सगळ्यात उत्तम म्हणजे रेग्युलेटर सिलिंडरला जोडून, हवा चालू ठेवून धुवायचा. आत दाब असला की पाण्याला शिरायला वाव नसतो. धुतल्यावर नळ्या सैल वेटोळ्यात ठेवा, करकचून गुंडाळू नका. श्वासाचा ताण कमी-जास्त करायची खुंटी असेल तर ती ठेवताना पूर्ण सैल करा, म्हणजे झडपेच्या रबरावर महिनोन्‌महिने वळ उमटत नाही.

गंज सोडवायचे जे स्प्रे घरात असतात, ते रेग्युलेटरच्या जवळपासही नकोत. त्यातलं तेल काही रबरं फुगवतं, आणि जास्त दाबाच्या हवेत, त्यातही नायट्रॉक्समध्ये (जास्त ऑक्सिजनच्या हवेत), तेल पेट घेऊ शकतं.

बीसीडी, म्हणजे पाण्यात तरंग सांभाळणारं फुगवायचं जॅकेट, लोक बाहेरून लख्ख धुतात आणि आत खारं पाणी तसंच राहू देतात. तोंडाने फुंकायच्या नळीतून गोडं पाणी आत ओता, पिशवी साधारण तिसरा हिस्सा भरू द्या, मग फुंकून फुगवा आणि सगळ्या बाजूंनी हलवा. इन्फ्लेटरची नळी खाली धरून पाणी सोडा. पहिल्या वेळचं पाणी जिभेला लावून बघा, खारट लागेल. ते लागेनासं होईपर्यंत हेच करायचं. शेवटी अर्धवट फुगवून सावलीत टांगा. आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या की तिथे बुरशी धरते, आणि ती हवा प्रसंगी तुमच्याच तोंडात येते. इन्फ्लेटरचं बटण मिठाने अडकणं हा तर सरळ धोकाच आहे. पिशवी आपोआप फुगत गेली तर माणूस वेगाने वर फेकला जातो.

वेटसूट कोमट पाण्यात भिजवा आणि उलटा करून सावलीत वाळवा. मशीनमध्ये टाकू नका. बारीक तारेच्या हँगरवर खांद्यातून टांगला तर तिथे निऑप्रिन, म्हणजे सूटचं फोमसारखं रबर, कायमचं चेपतं, म्हणून जाड हँगर घ्या. फिन्सच्या पायाच्या खोबणीत आलेले प्लॅस्टिकचे साचे फेकू नका, ठेवताना तेच आत घाला. पारदर्शक सिलिकॉनचा मास्क काळ्या रबराला लागून ठेवला तर पिवळा पडतो. डाइव्ह कॉम्प्युटर नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका, दाब मोजणाऱ्या छिद्राला ते सोसत नाही. भांड्यात बुडवून ठेवा. स्वतःचा सिलिंडर असेल तर तो कधीही पूर्ण रिकामा ठेवू नका. थोडा दाब आत असला की ओल शिरत नाही.

आता आपल्या गावाचं पाणी. बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं पाणी येतं, आणि ते जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग ठेवून जातं. भिजवायला ते चालेल. रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर मात्र शेवटी फिल्टरच्या पाण्यातून काढा, एक तांब्या पुरतो. वाळवायला गच्ची नको, पंख्याखाली किंवा गॅलरीच्या सावलीत वाळवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, तेव्हा स्लॅबखालच्या माळ्यावर आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रबर कडक होतं. आपलं सामान वर्षातले बहुतेक दिवस घरातच असतं, त्यामुळे त्याची जागा खालच्या खोलीतल्या हवेशीर कपाटात हवी.

सर्व्हिस कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे करा. बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदा किंवा 100 डाइव्हनंतर सांगतात. "वर्षभर वापरलाच नाही, मग सर्व्हिस कशाला?" असं मला नेहमी विचारतात. ओ-रिंग नुसती पडूनही सुकते, म्हणून.

आणि तिकीट काढायच्या आधी घरी एक गोष्ट करून बघा. डस्ट कॅप घट्ट बसवलेली असताना सेकंड स्टेज तोंडात धरून हळूच हवा ओढा. ओढ लागून अडलं पाहिजे. हवा आलीच तर पडदा किंवा श्वास बाहेर सोडायची झडप कुठेतरी फाटलीय, आणि पाण्यात तिथूनच पाणी येईल. इथून रेग्युलेटर दुरुस्तीला मुंबईला किंवा गोव्याला धाडायचा तर जाऊन-येऊन बरेच दिवस मोडतात, तेव्हा ही तपासणी निघायच्या आदल्या रात्री नको, महिनाभर आधी करा.