परसातल्या मेपलचा पाक

मंडळी, आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी गुऱ्हाळ पाहिलंय, गरम काकवी भाकरीशी खाल्लीय. त्यामुळे इथे कॅनडात, ओंटारिओत मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक करायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम. पण उसाच्या रसात 15 ते 20 टक्के साखर असते आणि शुगर मेपलच्या रसात जेमतेम 2. पेल्यात घेतला तर पाणीच वाटेल. 1 लिटर पाकासाठी साधारण 40 लिटर रस आटवावा लागतो. म्हणून हे काम घरात करू नका, सगळी वाफ भिंती पितात. अंगणात चूल मांडा आणि पसरट भांडं घ्या.

ही विद्या इथल्या अनिशिनाबे आणि इतर मूळ रहिवाशांची, युरोपातले लोक येण्याच्या आधीपासूनची. बर्चच्या सालीच्या भांड्यांत ते रस धरत, आणि टिकावी म्हणून त्याची साखर करून ठेवत. चुलीपाशी उभं राहताना हे मनात असू द्यावं, असं मला फार वाटतं.

रस वाहायला रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर हवा. रात्री लाकडाच्या बारीक पोकळ्यांत बर्फ धरतो, तिथली हवा दाबली जाते, झाड खालून पाणी ओढून घेतं. ऊन पडून बर्फ वितळला की तीच हवा रसाला ढकलते. सलग थंडी पडली की थेंब थांबतात, सलग ऊब असली तरीही.

खोड निदान 30 सेंटीमीटर जाड असावं. त्याला रसासाठी भोक पाडायचं, 8 मिलिमीटरचं, 4-5 सेंटीमीटर खोल, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं; त्यात तोटी बसवून खाली बादली टांगायची. आपल्या घरच्या झाडाला एकच पुरे. जुन्या बाजारातली बादली घेऊ नका, तिच्या सांध्यांत शिसं असू शकतं. रस दुधासारखा नासतो, तो थंड ठेवून दोन-तीन दिवसांत आटवा.

खरी परीक्षा शेवटच्या पंधरा मिनिटांची. पहिल्या वर्षी मी फोन घ्यायला आत गेले आणि दिवसभराच्या आटवणीचा कोळसा झाला. तेव्हापासून शेवटी मी जागची हलत नाही. त्या दिवशी पाणी किती अंशांना उकळतं ते आधी पाहून ठेवते. पाक त्याच्या 4 अंश वर गेला की तयार. आजी बोटांत तार पाहायची. इथे उलथन्याच्या कडेवरून पाक थेंबाथेंबाने न पडता पदरासारखा सुटतो. उतू जायला लागला तर लोण्याचा एक थेंब टाका.

गुऱ्हाळात भेंडीच्या रसाने मळी वर आणून काढतात. इथे उलट, क्षारांचा वाळूसारखा गाळ तळाशी बसतो. पाक गरम असतानाच जाड लोकरी कापडातून गाळून बाटल्या भरा.

कळ्या फुगायला लागल्या की रसाची चव बिघडते. त्या दिवशी, बादली भरत असली तरी, तोट्या काढायच्या. भोक बुजवायचं नाही. ते झाड स्वतः भरून काढतं.