दहा स्क्रूंची खुर्ची

(सकाळचे साडेसात. पुण्यात कॅम्पातलं एक इराणी हॉटेल. शटर अर्धं वर.)

हॉटेल अजून उघडायचंय. संगमरवरी टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकल्यात, पाय वर करून. फरशी पुसून झाली की त्या एकेक करून खाली उतरतील, आणि मग दिवसभर त्यांच्याकडे कुणी बघणार नाही. लोक बन मस्क्याकडे बघतील, भिंतीवरच्या सूचना वाचतील, शेजारच्या टेबलावरचं भांडण ऐकतील. खुर्चीकडे लक्ष जातं ते ती डुगडुगायला लागल्यावरच.

आज ती उलटी आहे तोवर बघून घेऊ.

मालकांचे एक ठरलेले सुतार आहेत. दर वर्षी पावसाळ्याआधी येतात. साठी कधीच ओलांडलेले हे काका खुर्ची मांडीवर आडवी घेतात आणि डिसमिसने एकेक स्क्रू पिळून बघतात.

“दहा असतात,” ते म्हणतात. “हिच्यात नऊच आहेत. दहाव्याच्या जागी कुणीतरी खिळा ठोकलाय.”

उलट्या दिशेने आलेल्या रिक्षाबद्दल पुणेकर ज्या सुरात बोलतो, त्याच सुरात.

दहा हा आकडा काकांना त्यांच्या वडिलांकडून मिळाला. वडिलांना तो कुठून मिळाला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आकडा जुना आहे, आणि बराच लांबून आलाय.

(वाफेच्या पेटीतून निघणारी लाकडी काठी. चार हात ती साच्याभोवती वळवतायत.)

मिखाएल टोनेट हा ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार. जन्म १७९६. लाकडाला बाक द्यायचा त्याला नाद होता. त्या काळी बाक हवा तर दोन वाटा होत्या. एक तर जाड लाकडातून तो कोरून काढायचा, म्हणजे निम्मं लाकूड भुश्शात. नाहीतर तुकड्याला तुकडा जोडायचा. टोनेटने पातळ पट्ट्या सरसाने एकमेकींना चिकटवून वाकवल्या. काम देखणं झालं, पण या प्रयोगांच्या पायी तो कर्जात बुडाला आणि गावातली मालमत्ता सावकारांकडे गेली. ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख याने त्याचं काम पाहिलं होतं. त्याच्या आधाराने १८४२ मध्ये टोनेट व्हिएन्नाला आला. तिथल्या कॅफे डाउमला त्याने खुर्च्या दिल्या. म्हणजे ही खुर्ची मुळातच हॉटेलातली.

अडचण सरसाची होती. जहाजाने दूरदेशी गेलेल्या खुर्च्यांचा सरस दमट हवेत सुटायला लागला. जुलैत ज्यांच्या घराचं दार फुगून चौकटीत अडकतं, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

मग टोनेटने सरस सोडला आणि अख्खी काठीच वाकवायची ठरवली. बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर धरलं की नरम पडतं. तरी वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाऊन तडकतेच. त्यावर त्याने काढलेला तोडगा फार सुंदर आहे. काठीच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट आवळायची आणि मग वाकवायचं. पोलाद ताणलं जात नाही, म्हणून त्याला चिकटलेले लाकडाचे तंतूही ताणले जात नाहीत. सगळा भार आतल्या बाजूच्या तंतूंवर दाब होऊन येतो, आणि वाफवलेलं लाकूड दाब मुकाट्याने सोसतं. तसंच लोखंडी साच्यात अडकवून वाळवलं की बाक कायमचा. या पद्धतीचं पेटंट १८५६ चं. आणि १८५९ मध्ये आली चौदा नंबरची खुर्ची. तिला दुसरं नावच नव्हतं, कॅटलॉगमधला नंबर तोच.

काका हॉटेलातली आपली खुर्ची आता पूर्ण सोडवतात. तीही याच घडणीची. पाठ आणि मागचे दोन पाय मिळून एकच लांब काठी. तिच्या आत दुसरी कमान. बसायचं गोल कडं, त्यात वेताची जाळी. पुढचे दोन पाय. आणि चारही पायांना आतून धरणारं खालचं कडं. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. कुसू नाही, खाच नाही. असे सुटे तुकडे रचले तर एक मीटर लांब, रुंद, उंच अशा खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. खोकं जहाजात चढवायचं. जोडायचं काम उतरल्यावर, तिथलं कुणीही करेल.

आधुनिक डिझाइनचा इतिहास सांगताना बरेच जण काचेच्या इमारतीपासून सुरुवात करतात. मी या खोक्यापासून करेन. टोनेटने कारखाने काढले ते मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, बीचच्या जंगलांना लागून. कामाला घेतलं आसपासच्या गावकऱ्यांना, ज्यांनी आयुष्यात रंधा धरला नव्हता. वेत विणायला बायका. प्रत्येकाला एकच काम, पण ते पक्कं. खुर्चीचा आकार ठरला तो या सगळ्याचा हिशेब मांडून: जंगल कुठे आहे, हात कुणाचे आहेत, जहाजात जागा किती, आणि पलीकडे स्क्रू पिळणारा अनोळखी माणूस किती शहाणा. त्या माणसावर एवढा विश्वास टाकणारी वस्तू त्याआधी क्वचितच झाली असेल.

१८६९ मध्ये पेटंट संपलं आणि मग बीचच्या जंगलाशेजारी ज्याला त्याला खुर्च्या सुचायला लागल्या. आपल्या या खुर्चीच्या बुडाशी शिक्का नाही. कुठल्याही कारखान्याची असू दे. चौदा नंबर १९३० पर्यंत पाच कोटींच्या घरात खपली असं म्हणतात, आणि नकला कोण मोजणार! डेक्कनवरचं कॅफे गुडलक सुरू झालं १९३५ मध्ये. तोवर चौदा नंबरने पंचाहत्तरी गाठली होती. दहाच वर्षं आधी पॅरिसच्या प्रदर्शनात ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराने उद्याचं घर कसं असेल ते उभं करून दाखवलं. त्यात बसायला काय ठेवलं होतं? टोनेटच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या.

(डेक्कनचा चौक. वाहनांच्या गर्दीत एक जुनी काळी सायकल.)

हे शहर सायकलींचं होतं, त्या काळातल्या कुणाला ही गोष्ट चटकन पटेल. १९२५. जर्मनीत डेसाऊ गाव. वास्तुकार वॉल्टर ग्रोपियसने १९१९ मध्ये वायमारला काढलेली बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा नुकतीच तिथे हललेली. मार्सेल ब्रॉयर नावाच्या तेवीस वर्षांच्या मास्तराने नवी सायकल घेतली आणि तिच्या हँडलवर त्याची नजर खिळली. पोलादी नळी अशी शेवयांसारखी वळते, तर हिची खुर्ची का होऊ नये? नळी वाकवायला त्याने एका प्लंबरची मदत घेतली. पहिली खुर्ची बघून लोक हसतील अशी त्याला धास्ती होती.

लोक हसले नाहीत. पुढे काही वर्षांतच त्याच्या खुर्च्या बनवायला घेतल्या त्या टोनेट कंपनीनेच. लाकूड वाकवणारे आता पाइप वाकवायला लागले.

त्या नळीचे लांबचे नातेवाईक आपल्याकडेही आहेत. मांडववाल्याच्या लोखंडी घडीच्या खुर्च्या आठवा. व्याख्यानात वक्ता रंगात आला की नेमकी मागच्या रांगेत एक करकरते. बसल्यावर बोट सापडू नये एवढीच अपेक्षा. त्यांच्यावर कुणी प्रबंध लिहिलेला नाही.

आता जरा मागे, आणि जरा लक्ष्मी रोडवर.

(साड्यांचं दुकान. गादीवर पसरलेल्या साड्या.)

“काकू, ही डिझाइन बघा, एकदम नवीन आलीय.”

मराठीत डिझाइन म्हणजे हेच. बुट्टी, काठ, वेलबुट्टी. साडीत असते, रांगोळीत असते, मेंदीत असते. खुर्चीत डिझाइन आहे म्हटलं तर आपण तिच्या पाठीवर कोरलेला मोर शोधू. आणि आधुनिक डिझाइनवाल्यांचं पहिलं भांडण नेमकं या मोराशी होतं.

अडॉल्फ लोस हा व्हिएन्नाचा वास्तुकार. १९१० मध्ये त्याने एक व्याख्यान दिलं आणि नक्षीला थेट गुन्ह्याच्या रांगेत नेऊन बसवलं. म्हणणं असं, की नक्षीत कारागिराचा वेळ जातो आणि त्याचे पैसे त्याला मिळत नाहीत. शिवाय वस्तू झिजण्याआधी तिच्यावरची नक्षी जुनी होते आणि चांगली वस्तू अडगळीत पडते. हा मुद्दा आजही बिनतोड आहे. पण त्याच दमात तो पापुआच्या गोंदवून घेणाऱ्या माणसांना मानवजातीचं बालपण ठरवतो, आणि तिथे त्याचा युरोपी तोरा उघडा पडतो. गंमत म्हणजे स्वतःच्या चांभारापुढे तो विरघळतो. बुटावरची नक्षी काढून घेतली तर त्या माणसाचा आनंदच काढून घेतल्यासारखं होईल, म्हणून ती तेवढी चालवून घेतो.

लोसला राजा केळकर संग्रहालयात न्यायला हवं होतं. काका केळकरांनी आयुष्यभर जमवलेले दिवे, दौती, दारं. आणि अडकित्ते, कपाटं भरून. कुठे पोपट, कुठे घोडा, कुठे जोडपं. सुपारी कातरायला यातलं काहीच लागत नाही. लोसच्या कपाळावर आठ्या. पण तिथून त्याला चालत कसब्यात नेलं असतं, तर मात्र पंचाईत झाली असती.

(तांबट आळी. ठोक्यांचा आवाज. आवाज बराच वेळ तसाच राहू द्यावा.)

पेशवाईपासून इथे तांब्याची भांडी घडतात. घडवून झाल्यावर भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके बसतात, ओळीने, एकाला एक लागून. याला मठारणं म्हणतात. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा आरसा होतो आणि भांडं उन्हात लखलखतं. बघणारा म्हणेल, काय सुंदर नक्षी! पण ठोक्याने पत्रा कडक होतो. न मठारलेलं भांडं मऊ राहतं, हातातून पडलं की चेपतं. म्हणजे हीच ताकद आणि हीच नक्षी, एकाच ठोक्यात. लोसने यातलं काय पुसलं असतं?

रूप कामाच्या मागोमाग येतं, असं शिकागोचा वास्तुकार लुई सलिव्हन याने १८९६ मध्ये लिहिलं. तांबट आळीत दोघं एकदमच येतात, कोण कुणाच्या मागे ते ठरवता येत नाही.

१९५८ मध्ये भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं देशभर हिंडलं. खुर्च्यांसाठीच जगभर नावाजलेले दोघं. त्यांनी सरकारला दिलेल्या अहवालात सगळ्यात जास्त जीव ओतलाय तो लोट्यावर. हा कुणी एका माणसाने आखलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या घडत आलाय, असं म्हणून ते प्रश्न विचारत सुटतात. पाणी किती मावावं? डोक्यावर न्यायचा, कमरेवर, की हातात? भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा? ओतताना धार कशी पडते? तळहाताला कसा लागतो? वाजतो कसा? विकताना, देऊन टाकताना काय वाटतं? आजही डिझाइन शिकायला आलेल्या मुलाला आधी हे प्रश्न वाचायला द्यावेत, सॉफ्टवेअर नंतर.

या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक डिझाइनचं केंद्र निघालं, ते जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णींनी उभारलं. आता पुण्यातही डिझाइनची कॉलेजं आहेत. माझी एकच तक्रार: लोट्याचं एवढं कौतुक झालं, पण तो घडवणाऱ्यांचं पोट कसं भरतं हा प्रश्न त्या यादीत बराच खाली राहिला.

(गणपतीचा मांडव. एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचा मनोरा.)

आणि ही सगळ्यात अलीकडची. आन्री मासोने या फ्रेंच माणसाची १९७२ ची खुर्ची हिची पूर्वज. प्लास्टिकचे दाणे वितळवायचे, दाबाने साच्यात सोडायचे, दोन मिनिटांच्या आत खुर्ची बाहेर. तुकडा एक. स्क्रू शून्य. टोनेटचं गणित याहून पुढे नेता येणार नाही. स्वस्त, हलकी, पावसात भिजली तरी हरकत नाही. नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा विसर्जनाच्या रात्री उभं राहून बघावं.

फक्त पाय मोडला की ती संपली. सोडवायला काही नाही, बदलायला काही नाही.

असं कारखान्याला वाटतं. मंडळाच्या कोठीत एक खुर्ची आहे. तिच्या चिरलेल्या पायाला कुणीतरी तापवलेल्या सळईने दोन्ही बाजूंनी भोकं पाडलीत आणि तारेने टाके घातलेत, गोधडीला घालतात तसे. त्यावर निवांत बसून एक आजोबा वर्गणीच्या पावत्या फाडतायत.

(पुन्हा इराणी हॉटेल. शटर आता पूर्ण वर.)

काकांनी खुर्ची परत जोडलीय. नऊ स्क्रू जागेवर. खिळ्यावर त्यांनी बोट फिरवून पाहिलं. काढणार का?

“राहू दे. आता काढला तर लाकूड फाटेल.”

खुर्ची फरशीवर टेकवून ते तिच्यावर बसले, पुढे झुकले, मागे रेलले. ती हलली नाही. मग पोऱ्याकडे बघून त्यांनी एक बोट वर केलं. चहा.