सॉफ्टवेअर नवं लिहून घ्यायचं, की तयार वापरायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईतल्या एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या, वाचनालयाच्या किंवा पतपेढीच्या कमिटीत संगणकाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आमचं काम जरा वेगळं आहे हो, बाजारातलं सॉफ्टवेअर आम्हाला चालणार नाही." अशा बैठकांना मी बरीच वर्षं बसतो आहे. हे वाक्य मी कधी उडवून लावत नाही, कारण कधीकधी ते अगदी खरं असतं. पण ते तपासून घेतल्याशिवाय नवं सॉफ्टवेअर लिहायला देऊ नये, हे आज तुम्हाला मनापासून सांगायचं आहे.

सोसायटीचंच घ्या. खजिनदारांना आपलं मेंटेनन्सचं बिल फार गुंतागुंतीचं वाटतं. पण त्यात असतं काय? सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. पाण्याचे पैसे नळांच्या हिशेबानं. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के, दुरुस्ती निधी 0.75 टक्के. घर भाड्यानं दिलं असेल, तर सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. हे सगळं आदर्श उपविधींतून आणि सरकारी आदेशांतून आलेलं आहे. मुलुंडच्या सोसायटीला जे लागू, तेच बोरिवलीच्या सोसायटीला. म्हणजे ज्याला आपण आपलं वेगळेपण समजतो, ते हजारो सोसायट्यांचं रोजचं काम आहे, आणि ते करणारी तयार सॉफ्टवेअर बाजारात आहेत.

तरीही पुष्कळ ठिकाणी काय होतं, तर सभासदांपैकी कुणाचा तरी मुलगा इंजिनीअरिंगला असतो. हुशार असतो, मन लावून काम करतो आणि दोन-तीन महिन्यांत बिल छापणारं सॉफ्टवेअर उभं करतो. कमिटी खूश होते. पुढे त्याला बंगळुरूला नोकरी लागते. मग 1 जुलै 2017 ला जीएसटी येतो. जानेवारी 2018 मध्ये सभासदामागे महिन्याच्या किती रकमेपर्यंत हा कर लागत नाही, ती मर्यादा 5,000 वरून 7,500 रुपयांवर जाते. आता बिलाचं गणित बदलायचं कुणी? सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला मजकूर, कुठल्या लॅपटॉपवर आहे, हेसुद्धा ऑफिसात कुणाला ठाऊक नसतं. यात त्या मुलाचा काडीचाही दोष नाही. इमारत बांधून झाली म्हणून गच्चीचं वॉटरप्रूफिंग कुणाला चुकतं का? सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. लिहिण्याचा खर्च एकदाच होतो, सांभाळण्याचा मात्र दरवर्षी उभा राहतो, आणि बजेटमध्ये तो कुणी धरलेलाच नसतो. तयार सॉफ्टवेअर विकणारी कंपनी तो बदल एकदा करते आणि तिच्या सगळ्या ग्राहकांना देते.

आता वाचनालयांकडे येतो. हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय. आपल्याकडच्या वाचनालयांच्या काही गोष्टी खरोखरच वेगळ्या आहेत. दिवाळी अंकांची योजना बघा. ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने एकेक अंक नेऊन वाचायचा. अशी योजना परदेशी सॉफ्टवेअरला कशी कळणार, असं ग्रंथपालांना वाटतं, आणि ते साहजिकच आहे. पण कोहा नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर उघडून पाहा. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. त्यात सभासदांचे प्रकार आपण ठरवायचे, पुस्तकांचे प्रकार आपण ठरवायचे, आणि कुणाला काय किती दिवस द्यायचं, ते एका तक्त्यात भरायचं. "दिवाळी अंक सभासद" हा एक प्रकार, "दिवाळी अंक" हा दुसरा, एका वेळी एक अंक, मुदत अमुक दिवस. झाली योजना तयार! कोडची एक ओळही लिहावी लागली नाही. अनामतीचा आणि वर्गणीचा जमाखर्च मात्र त्यात कोंबू नये, असं माझं मत आहे. तो हिशेबनीसांच्या टॅलीतच राहू द्यावा.

खरं काम निघतं ते जुन्या यादीत. अनेक वाचनालयांनी पुस्तकांची यादी पूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलेली आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत उघडली, की तिची अक्षरशः रद्दी दिसते. अशा पुष्कळ फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. हे सगळं उलगडून हजारो नोंदी सरळ करणारा छोटासा प्रोग्रॅम तुमच्या फॉन्टसाठी तयार मिळाला तर उत्तम. नाहीतर तो लिहून घ्या, आणि त्यावर पैसे खर्च करायला मुळीच कचरू नका. ती यादी तुमची आहे, तिची कळकळ दुसऱ्या कुणाला असणार?

या कोहाचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर 2000 सालाची तारीख झेपणारं नव्हतं. बाजारातल्या सॉफ्टवेअरला शाखा जोडण्यासाठी महागड्या टेलिफोन लाइन लागत होत्या. त्यांनी पर्याय तपासले, आणि मग कातिपो कम्युनिकेशन्सकडून साध्या मोडेमवर चालेल असं नवं लिहून घेतलं. जानेवारी 2000 मध्ये ते सुरू झालं आणि पुढे सगळ्यांना खुलं झालं. ही नवं लिहिण्याची योग्य वेळ होती. आपल्या रेल्वेचंही तेच. आरएसी, वेटिंग लिस्ट, स्टेशनागणिक कोटे, सवलती, असं आरक्षण बाहेरच्या कुठल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये बसणार होतं? रेल्वेनं 1986 साली क्रिस ही स्वतःची संस्थाच उभी केली, आणि देशभरची आरक्षण यंत्रणा आज तीच सांभाळते.

याच्या उलट जर्मनीतल्या लिडल या दुकानांच्या साखळीचं उदाहरण. त्यांनी 2011 च्या सुमारास सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घेतलं. त्यात मालाचं मूल्य विक्रीच्या किमतीनं धरलेलं होतं, लिडलची पद्धत खरेदीच्या किमतीची. आपली पद्धत सोडायची नाही असं ठरवून सॉफ्टवेअरच वाकवत गेले. 2018 मध्ये काम थांबवलं, तोवर सुमारे 50 कोटी युरो गेल्याच्या बातम्या आल्या.

म्हणून तयार सॉफ्टवेअरमधली सेटिंग खुशाल बदला, पण आतल्या कोडला हात लावताना शंभरदा विचार करा. कोहाची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते. तुम्ही आत केलेले फेरफार तिच्यात दर वेळी पुन्हा बसवावे लागतात.

मग ठरवायचं कसं? कमिटीनं आपल्या कामाच्या पद्धती कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती कुठून आली ते लिहावं. कायद्यातून, उपविधीतून, संस्थेच्या उद्देशातून, की पूर्वीच्या सचिवांनी तसं केलं म्हणून? शेवटच्या प्रकारातल्या पद्धती सोडायची तयारी ठेवा. तिथेच सगळ्यात जास्त वादावादी होते, आणि ती झालेली बरी. मग कंपनीच्या माणसाला बोलवा. त्याच्या डेमोतली गुळगुळीत बिलं बघत बसू नका. गेल्या वर्षातलं तुमचं सगळ्यात किचकट बिल त्याच्या पुढ्यात ठेवा. वारस नोंद अडलेली, भाडेकरू मध्येच बदललेला, चेक परत आलेला. ते त्यानं तुमच्या समोर काढून दाखवावं. नंतर भरलेली सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवायला सांगा. एवढं करून जे काम कशातच बसत नसेल, तेवढंच लिहून घ्या, आणि त्याचा सोर्स कोड संस्थेच्या नावाच्या खात्यावर ठेवा, सचिवांच्या खासगी ईमेलवर नको.

नमस्कार.