रॉय, रायझा आणि न काढलेल्या चौकटी

मंडळी, एका दृश्यापासून सुरुवात करते. जिवलग मित्राला नुकतंच पुरलंय. कर्नल रॉय मस्टँग थडग्यापाशी उभा आहे आणि म्हणतो, पाऊस आला. आकाश निरभ्र आहे. त्याची सहायक, लेफ्टनंट रायझा हॉकआय, म्हणते, पाऊस कुठाय? तो म्हणतो, नाही, पाऊसच आहे. तेव्हा तिला त्याच्या गालावरचं पाणी दिसतं, आणि ती त्याचं म्हणणं मान्य करते.

हिरोमु आराकावा यांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००१ ते २०१० अशी चालली, तिचे २७ खंड झाले. हे दृश्य त्यातलंच. त्यात रॉयनं रायझाला सांगून ठेवलंय, माझी वाट चुकली तर मागून गोळी घाल. तरीही तिनं त्याच्या पाठीशी उभं राहायचं पत्करलं. पण ‘प्रेम’ हा शब्द ही दोघं एकमेकांशी एकदाही बोलत नाहीत.

वाचकांचा जीव अडकतो तो इथेच. मग वाचणाऱ्या मुली-बायका स्वतः पेन उचलतात आणि या दोघांच्या न काढलेल्या चौकटी काढून पुस्तिका करतात. या हौशी पुस्तिकांना जपानीत दोजिन्शी म्हणतात: ‘दोजिन’ म्हणजे सारख्या आवडीची माणसं, ‘शी’ म्हणजे अंक. लाडानं म्हणतात ‘उसुई होन’, पातळ पुस्तक. या जोडीचं चाहत्यांनी ठेवलेलं नाव आहे ‘रॉयआय’. त्यातला ‘आय’ हॉकआयमधला, पण जपानीत ‘आय’ म्हणजे प्रेमही. मूळ कथेनं जो शब्द उच्चारला नाही, तो चाहत्यांना तिच्या आडनावातच सापडला!

या पुस्तिकांत लढाया क्वचितच असतात. असतं काय, तर कचेरीतली उशिराची संध्याकाळ, सह्यांसाठी साचलेल्या फायली, तिचा कुत्रा. किंवा शेवटच्या युद्धानंतरचं इस्पितळ: त्याची दृष्टी गेलेली, तिच्या गळ्याला पट्टी, दोघं एकाच खोलीत. मूळ कथा तिथून लवकर पुढे जाते, कारण तिला बरंच काही आवरायचं असतं. चाहतीला घाई नसते. ती त्या खोलीतली एक अख्खी रात्र वीस-तीस पानं काढते. आणि वाचणारीला दोघांची ओळख करून द्यावी लागत नाही, म्हणून पहिल्याच चौकटीत हात हाताला लागला तरी काळजात धस्स होतं. नवी प्रेमकथा इतक्या कमी पानांत हे करू शकेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बायांनीही विठ्ठलाच्या घरात असंच डोकावून पाहिलं. जनीवरून रुसलेली रुक्मिणी त्यांनी ओवीत आणली, कारण तो रुसवा त्यांच्या ओळखीचा होता.

तोक्योतला कॉमिकेट हा दोजिन्शींचा मेळा २१ डिसेंबर १९७५ला सुरू झाला, तेव्हा पुस्तिका काढणारे ३२ गट होते आणि माणसं सातशेच्या आसपास. त्यात शाळकरी मुलीच जास्त. आता तो ऑगस्ट आणि डिसेंबरात भरतो आणि लाखोंनी लोक येतात. तिथे ‘ग्राहक’ म्हणत नाहीत. टेबलामागे बसलेली आणि टेबलापुढे उभी असलेली, दोघींना एकच शब्द: सहभागी. पुढची मुलगी पानं चाळते, मागची श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे बघते. दोघींनी तो थडग्यापाशीचा पाऊस पाहिलेला असतो.