किंबर्लीला जावं तिथी पाहून

(दृश्य: लाल कडे, मधली अरुंद फट, संथ पाणी)

हा टॅलबट बे, ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किंबर्ली प्रदेशाचा किनारा. ओहोटी संपली आहे, भरती अजून लागायची आहे. लाल दगडाच्या दोन डोंगररांगा एकीमागे एक उभ्या आहेत आणि प्रत्येकीत एक फट आहे. त्यातली रुंद म्हणायची तीही सुमारे 20 मीटरचीच.

(पाण्याचा आवाज वाढत जातो)

आता समुद्र चढू लागला. येणारं पाणी अफाट, वाट एवढीशी. बाहेरची पातळी वर जाते, आतली मागे राहते, आणि पाणी फटीतून आडवं कोसळायला लागतं. सहा तासांनी हाच धबधबा उलट्या दिशेने वाहील.

मुंबईत भरती पाच मीटरच्या जवळ गेली की बातमी होते. इथून जवळच्या डर्बी गावात मोठ्या उधाणाला समुद्र 11 मीटरहून जास्त चढतो-उतरतो. तीन-साडेतीन मजल्यांचं घर दिवसातून दोनदा बुडावं आणि दोनदा वर यावं, एवढा.

या जागेचे मूळ मालक डाम्बीमांगारी लोक. त्यांच्यासाठी ती पवित्र आहे. त्यांच्या म्हणण्याला मान देऊन 2028 पासून फटींमधून बोटी नेणं थांबवायचं ठरलं आहे. योग्यच झालं. हे पाणी लांबूनही अंगावर येतं.

(दृश्य: आकाशातून किनारा, बेटं, खाड्या)

किंबर्ली महाराष्ट्राच्या सव्वापटीहून मोठा, आणि वस्ती 40 हजारांच्या आसपास. किनाऱ्याच्या बहुतेक भागाला रस्ताच नाही. म्हणून ब्रूम ते डार्विन लहान जहाजं चालतात, साधारण दहा दिवसांचा प्रवास. जहाज खोल पाण्यात थांबतं, पुढे रबरी होड्यांतून जायचं. कितीही उकडलं तरी पाण्यात उतरायचं नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरींचं हे घर आहे.

जायचं कधी? इथला पावसाळा आपल्या उलट, नोव्हेंबर ते एप्रिल. त्या काळात चक्रीवादळं येतात, जहाजं बंद असतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखाचं ऊन तापतं तेव्हा इथला पाऊस नुकताच सरलेला असतो, आणि किंग जॉर्ज नदीचे जुळे धबधबे 80 मीटरवरून भरभरून पडत असतात. ऑगस्टपर्यंत त्यांची धार होते, पुढे कड्यावर नुसते ओले डाग उरतात. पण त्याच ऑगस्टमध्ये या किनाऱ्यावरच्या कॅम्डन साउंड उपसागरात हंपबॅक व्हेल माद्या पिलांना घेऊन हिंडत असतात. अंटार्क्टिकाच्या थंड पाण्यातून त्या बाळंतपणासाठी इथवर येतात. दोन्ही एकाच फेरीत पुरतं साधत नाही. मला विचाराल तर मे महिना. पाणी आहे, उकाडा उतरला आहे, आणि दगड अजून हिरवाईत आहेत.

(दृश्य: खडकातली चित्रं, कॅमेरा स्थिर)

हा पाऊस कोण पाडतं, तेही इथल्या खडकांवर रंगवलेलं आहे. हे वांजिना. मोठाले डोळे, डोक्याभोवती ढगांचं वलय, आणि तोंड नाही. तोंड असतं तर पाऊस थांबलाच नसता, असं सांगतात. ही चित्रं जुनी म्हणून सोडून दिलेली नाहीत. त्यांना पुन्हा पुन्हा रंग देऊन ताजं ठेवणं ही या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची जबाबदारी. इथे परवानगी घेऊन यायचं आणि हळू बोलायचं.

महिना ठरला, तरी एक गोष्ट राहते. कोकणात खाडीकाठी वाढलेल्याला ती वेगळी सांगावी लागणार नाही: तिथी. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. चंद्र तोच, म्हणून हिशेबही तोच. टॅलबट बेचे आडवे धबधबे आणि शेजारचं माँटगोमेरी रीफ हे प्रवाळाचं पठार उधाणाला खरे दिसतात आणि दोन्ही ब्रूमच्या बाजूला आहेत. ब्रूमहून निघालात तर ते पहिल्या काही दिवसांत येतात, डार्विनहून निघालात तर शेवटी. तेव्हा तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा आणि उधाण प्रवासाच्या कोणत्या टोकाला पडतंय ते बघा.

(दृश्य: मोकळा समुद्र, हळूहळू फेस)

हे माँटगोमेरी रीफ, सुमारे 400 चौरस किलोमीटरचं. आत्ता काहीच दिसत नाही. सुकती लागली की समुद्राच्या मधोमध फेसाची एक रेघ उमटते. मग त्या रेघेची कड होते, कडेची भिंत होते, आणि सगळ्या बाजूंनी पाणी ओघळू लागतं. रीफ वर येतंय असं वाटतं. खरं तर समुद्र खाली चालला आहे. ओहळांतून कासवं खोल पाण्याकडे सटकतात. उघड्या पडलेल्या प्रवाळावर बगळे येऊन उभे राहतात, अडकलेल्या माशांवर नजर लावून.

(फक्त पाण्याचा आवाज)

त्यांच्याकडे अजून दोनेक तास आहेत. मग भरती.