लकी ड्रॉची कूपनं छापायच्या आधी

नमस्कार मंडळी. मे महिना आला की चाकरमानी गावी येतात, मग वाडीवाडीत पूजा, नाटक, अंडरआर्म क्रिकेटच्या मॅचेस आणि सोबत लकी ड्रॉ, पहिलं बक्षीस फ्रीज, दुसरं मिक्सर, आणि कूपनच्या खाली लिहिलेलं असतं की जमलेले पैसे कुणाच्यातरी ऑपरेशनसाठी. हेतू चांगलाच असतो हो, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मी आमच्या वाडीचे हिशोब लिहिते, म्हणून आज थोडं बोलायचंय.

पहिली गोष्ट म्हणजे पैसे घेऊन कूपन विकलं आणि बक्षीस चिठ्ठी काढून ठरवलं की ती लॉटरीच, मग तिला सोडत म्हणा नाहीतर लकी ड्रॉ. राज्याची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे, पण सरकारची परवानगी नसलेली लॉटरी चालवणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "आम्ही कुठे खिशात घालतोय" हे काय त्यावर उत्तर नाही. तेव्हा प्रेसमध्ये जायच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या.

मंडळ रजिस्टर नसेल तर वर्गणी गोळा करायलासुद्धा धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली अर्ज करावा लागतो, गणपती मंडळवाल्यांना हे माहीत असतं, बाकीच्यांना नसतं. आणि बाईक वगैरे मोठं बक्षीस ठेवणार असाल तर टॅक्सचं बघा, १० हजाराच्या वरच्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस, म्हणजे बक्षीस द्यायच्या आधीच सरकारला भरायचा टॅक्स, आहे, वस्तू असली तरी तो भरल्याशिवाय किल्ली हातात देता येत नाही. ८० हजाराची बाईक म्हणजे २४ हजार, ते कोण भरणार हे आधी ठरवायला नको?

यापेक्षा मला आपला लिलाव बरा वाटतो. देवळात पहिला फणस, नारळाचा घड, आंब्याची पेटी बोलीवर जाते तसाच. त्यात नशिबाचा भाग नाही, जो जास्त बोलेल त्याची वस्तू, आणि सगळ्यांच्या डोळ्यासमोर.

आता आमचंच सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या शाळेचे पत्रे उडाले, त्यासाठी आम्ही दोन वर्षांनी ड्रॉ काढला, कायदा तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. ५० रुपयाचं कूपन, २५ कूपनांचं एक पुस्तक, अशी ४० पुस्तकं. बारा पुस्तकं मुंबईला गेली. नऊ परत आली, तीन डोंबिवलीतच कुणाच्यातरी कपाटात राहिली, आणि तारीख जाहीर झालेली, मंडप घातलेला, पाहुणे आलेले, म्हणून आम्ही तसाच ड्रॉ काढला. म्हणजे बघा, ७५ जणांनी पैसे दिले आणि त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात पडल्याच नाहीत! मला हे तेव्हा कळलंसुद्धा नाही. गणपतीत एक जण आला, पाकिटातनं कूपन काढून विचारतो, ताई आपल्या ड्रॉचं काय झालं हो. मला त्याच्याकडे बघवेना.

म्हणून मी तरुण पोरांना सांगते, परवानगी मिळालीच तर पुस्तकं नंबर लिहून, सही घेऊन द्या, आणि अर्धुकं, म्हणजे कूपन फाडून दिल्यावर पुस्तकात राहणारे नावाचे तुकडे, असलेलं शेवटचं पुस्तक परत आल्याशिवाय डबा हलवू नका, तारीख पुढे गेली तर जाऊ दे, लोकं दोन दिवस बोलतील आणि गप्प होतील.

ती तीन पुस्तकं दिवाळीत आली. अर्धुकांवर नावं होती, त्यावरून एकेकाला शोधून ५० रुपये परत केले, काही जण म्हणाले राहू दे, शाळेलाच दिले समजा, त्यांना तशी पावती दिली. चार जण अजून सापडले नाहीत, त्यांचे २०० रुपये वहीत वेगळे लिहून ठेवलेत.