मींड शिकलेला कीबोर्ड

(ठाण्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, गायक पं. राम मराठ्यांच्या गावात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, समजावून सांगण्याचं धाडस मी करणार नाही. त्यांच्या नावाचा समारोह ऐकणारे तुम्ही लोक. तेच कान घेऊन आज जॅझ आणि रॉकच्या मिश्रणातून आलेलं जॅझ फ्यूजन ऐकू या.

पेटीवरचा जुना आक्षेप तुम्हाला ठाऊकच आहे: दोन स्वरांच्या मधली वाट तिला चालता येत नाही. अशाच आक्षेपांपायी 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. पियानो आणि ऑर्गनलाही ती मधली वाट चालता येत नाही. मग 1970 साली मिनीमूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड आला. त्याच्या डाव्या अंगाला एक छोटं चाक होतं. या कीबोर्डवरही आहे, बघा. उजव्या हाताने पट्टी दाबून धरतो आणि डाव्या अंगठ्याने चाक हळूच पुढे सरकवतो... ऐकलंत? रेवरून गंधारावर गेलो, पण उडी न मारता. मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजे. ही उणीव म्हणायची तर म्हणा, पण गळ्यातून तरी एका वेळी किती निघतात?

व्हायोलिनचं दुखणं नेमकं उलटं. मींड जन्मजात, आवाज मात्र बेताचा. जॉन मॅक्‌लॉक्लिनने 1971 मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा जॅझ फ्यूजनचा वाद्यवृंद उभा केला. तिथे बिली कॉबमचे ड्रम्स आणि खुद्द मॅक्‌लॉक्लिनची सणसणीत गिटार. अशा गदारोळात व्हायोलिनसमोर माइक ठेवून आवाज वाढवला, की स्पीकरचा आवाज वाद्याच्या पोकळीत घुमतो, माइक तोच पुन्हा उचलतो आणि शिट्टी सुरू. गणपतीच्या मांडवात ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’च्या वेळी आपण ती भक्तिभावाने ऐकतोच. (हशा) उपाय म्हणून तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला पिकअप लावला. तारेच्या कंपनाचा दाब त्यातल्या स्फटिकावर पडतो, त्यातून किंचित वीज निघते आणि तीच अँप्लिफायरकडे जाते. काहींनी तर पोकळीच काढून टाकली, वाद्य भरीव केलं. लाकडाचा घुमारा गेला का? गेला, पण गिटारच्या तोंडाला तोंड देता आलं.

त्या वाद्यवृंदात व्हायोलिन जेरी गुडमनकडे होतं. 1974 मध्ये ज्याँ-लुक पाँती आला, पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉर या संगीतविद्यालयात शिकलेला. त्याचा 1977 चा ‘एनिग्मॅटिक ओशन’ हा अल्बम जरूर ऐका. मात्र एको आणि फेजर या आवाज बदलणाऱ्या उपकरणांचा थर चढला, की गजाची धार बोथट होते, असं माझं मत आहे. गजाचा खरखरीत स्पर्श मला हवा असतो.

महाविष्णूत मिनीमूगवर होता यान हॅमर. स्वरावर तो अनेकदा खालून येतो, थोडा रेंगाळतो, मग आंदोलन देतो, म्हणजे स्वर हळूच डोलवतो. चाक कुठे फिरवायचं यापेक्षा कुठे फिरवायचं नाही, हे त्याला जास्त कळत होतं. पुढे एकदम अनेक स्वर वाजवणारे सिंथेसायझर आले, व्हायोलिनच्या आवाजाचं तयार बटणही आलं. ते मला तरी नको.

आता महाविष्णूच्या 1973 च्या ‘बर्ड्स ऑफ फायर’ या अल्बममधलं ‘वन वर्ड’ लावतो. गिटार, व्हायोलिन आणि मिनीमूग यांचे सवाल-जवाब आहेत. तुकडे आखूड होत जातात आणि कोण कुठलं वाजवतंय ते कळेनासं होतं. मात्रा मोजत बसू नका. फक्त कुठली मींड बोटाची आणि कुठली चाकाची, ते ओळखा. कॉबमचे एकट्याचे ड्रम्स सुरू झाले की मी थांबवून विचारणार आहे.